सरासरी बिलांनंतर एकदम ४४ हजारांचं बिल : मंचाकडे तक्रार कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वीजबिलाच्या वादात ग्राहक तक्रार निवारण मंचापर्यंत गेलेलं इथे कुणी असेल तर कृपया मार्ग दाखवा.

आई एकटी राहते. दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, बस्स. महिन्याचा वापर ऐंशी-नव्वद युनिट. गेल्या वर्षी मीटर बदलला आणि तेव्हापासून चौदा महिने बिलावर ‘घर बंद’ असा शेरा आणि सरासरी आकारणी. मीटर बाहेर ओट्यावर आहे, फाटकाला कुलूप नसतं आणि आई दिवसभर घरात असते. बिलावर रीडिंगचा फोटो छापतात ना, तिथे नुसती काळी काच आणि त्यात फ्लॅशचा पांढरा ठिपका. या महिन्यात एकदाचं रीडिंग घेतलं आणि २,६४० युनिटचं, ४४ हजारांवर बिल हातात ठेवलं.

वायरिंगवाल्याला बोलावून मेन स्विच बंद करून पाहिला, तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. त्याच्या मते एकतर मीटरच सदोष आहे, नाहीतर मीटर आणि मेन स्विचच्या मधल्या केबलमधून वीज गळते आहे. कार्यालयात म्हणतात, ‘आधी बिल भरा, टेस्टिंगचं मग बघू.’ ऑनलाइन तक्रार केली, तर कुणीही न येता ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज आला, वर समाधानाचे गुणही मागितले. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. जिच्याविरुद्ध तक्रार, तीच कंपनी ती मिटली म्हणून शिक्का मारणार असेल, तर कागदोपत्री सगळे ग्राहक खूशच दिसणार.

आतापर्यंत वाचून कळलं ते असं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार रीडिंगबद्दल तक्रार आल्यावर पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा आहे. मंचाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिथला निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

आता अडलंय कुठे ते सांगते. कनेक्शन अजून बाबांच्या नावावर आहे आणि बाबा आता नाहीत. वापरकर्ती म्हणून आईच्या सहीने मंचाकडे अर्ज चालेल, की आधी नाव बदलून घ्यावं लागेल? दुसरा मीटर जोडण्याची मागणी कुणी हा नियम दाखवून पदरात पाडून घेतली आहे का? आणि सगळे युनिट एकाच महिन्यात धरल्यामुळे बहुतेक वापर ५०० च्या वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात गेला आहे. चौदा महिन्यांत विभागले तर महिना १९० च्या आसपास येतात. रीडिंग खरं ठरलं, तरी हा टप्प्यांचा फायदा मिळायलाच हवा ना? तो अर्जात वेगळा मागायचा का?

लेखी नोटीस आलेली नाही, पण वायरमन ‘सोमवारी लाइन कापायला येतो’ असं तोंडी सांगून गेलाय. आईला दम्यासाठी नेब्युलायझर लागतो. म्हणून एवढं आधी सांगा : काउंटरवर सरासरीची रक्कम घ्यायला नकार दिला तर ती डीडीने, सोबत पत्र जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवलेली चालते का? कुणी तसं केलं असेल तर पत्रात काय लिहिलं होतं तेही कळवा.