मुलार्डच्या जुन्या ईएल३४ वर पैसे घालावेत का?

पुशपुल
एक मित्र अँप्लिफायरसाठी मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचे जुने ईएल३४ व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्या) घ्यायला निघालाय, चार नग. मी त्याला म्हटलं, घेऊ नकोस, तेच पैसे आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घाल. इथेही तेच म्हणतो.

व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मधला सगळा व्यवहार ट्रान्सफॉर्मर सांभाळतो. त्याची वाइंडिंग हलकी असेल तर खर्ज फाटणार आणि वरचे स्वर मिटणार, मग व्हॉल्व्ह मुलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला असो की काल आणलेला. इंजिनिअर विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात केटी६६ व्हॉल्व्हचा अँप्लिफायर दिला, तेव्हा ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा तेही आकड्यांसकट दिलं. वीस डेसिबल फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा इनपुटला देऊन दोष कमी करणं) द्यायचं तर ट्रान्सफॉर्मर तितक्या तोलाचा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

शिवाय आज नव्या डब्यावर मुलार्ड छापलेलं असलं तरी आतला माल रशियातल्या सारातोव्हचा असतो, हेही लक्षात ठेवा.

तपकीर_गल्ली
अजिबात पटलं नाही. वडिलांच्या अँप्लिफायरमधली मुलार्डची जोडी मी अकरा वर्षं रोज संध्याकाळी दोन तास लावतोय. मध्ये ती जपावी म्हणून नवी जोडी बसवली. चौदा महिन्यांत एकाची प्लेट, म्हणजे आतला बाहेरच्या बाजूचा धातूचा पत्रा, तापून लाल झाली. दिवे मालवून ऐकत होतो म्हणून दिसलं. हीटरचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, नारिंगी उजेड ओळखीचा असतो. हा प्लेटच्या शिवणीपाशी उमटलेला मंद लाल डाग होता आणि बघता बघता पसरत होता. धावत जाऊन स्विच बंद केला.

जुन्या जोडीच्या डोक्यावरची गेटरची (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूची) चंदेरी झाक आजही आरशासारखी आहे. हवा शिरली असती तर ती पांढरी पडली असती. कॅथोडवरचा इलेक्ट्रॉन सोडणारा लेप, आतली निर्वात पोकळी, धातूची शुद्धता ही कामं त्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं हात बसवून केली होती. ते कसब आज तसंच मिळतं असं मला वाटत नाही.

आठ_ओहम
दोघंही व्हॉल्व्ह धरूनच बोलताय. मुळात तो हवाच कशाला? चार ईएल३४ चे नुसते हीटर सहा अँपिअर खातात, म्हणजे आवाज निघायच्या आधीच अडतीस वॅट गेले.

ऐकू येणारा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण बऱ्याचदा त्याचं कारण साधं असतं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा आउटपुट इंपिडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) एक-दोन ओहम असू शकतो आणि स्पीकरचा इंपिडन्स प्रत्येक स्वराला बदलतो, त्यामुळे काही स्वर किंचित उचलले जातात. बॉब कार्व्हर यांनी १९८५ साली अमेरिकेत ‘स्टिरिओफाइल’ मासिकाला आव्हान देऊन आपला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर त्यांच्या पसंतीच्या महागड्या अँप्लिफायरशी इतका जुळवला, की ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही.

जवारी
मी तानपुरा लावते, म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. व्हॉल्व्ह सम स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे) मिसळतो म्हणून तो गोड, असं सगळे म्हणतात. जवारीवर तारेखाली दोरा सरकवून जे स्वरांश मी जिवापाड उघडते, त्यांत अँप्लिफायरने आपले घातले तर ऐकणाऱ्याला जवारी कोणाची ऐकू आली? मला ती भर नको.

पण आठ_ओहम, अडतीस वॅटचा हिशेब ऐकून कोणी आपला अँप्लिफायर विकणार नाही. विलंबित ऐकताना माणूस तासभर जागचा हलत नाही, यालाही काही किंमत आहे.

पुशपुल
जवारीताई, सम स्वरांशांची गोष्ट एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सिंगल एंडेड अँप्लिफायरला लागू पडते. ईएल३४ ची जोडी पुशपुलमध्ये, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो अशी, असली की आउटपुट टप्प्यातले सम स्वरांश ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात. अट एवढीच, की दोन्ही व्हॉल्व्ह सारखा करंट ओढत असले पाहिजेत.

आणि तपकीर_गल्ली, रागावू नका, पण नवी जोडी बसवल्यावर बायस (गाणं नसतानाही व्हॉल्व्हमधून किती करंट वाहील ते ठरवणारं सेटिंग) मोजला होता का?

तपकीर_गल्ली
नव्हता मोजला. आज मोजला. कपलिंग कपॅसिटर आधी तपासला, कारण तो गळला तरी करंट वाढतो. तो गळत नाही. मग कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. प्लेटला ४५० व्होल्ट आहेत. मुलार्ड ४१ मिलिअँपिअर दाखवतोय. नव्या जोडीतला वाचलेला नग त्याच सेटिंगवर ६६. स्क्रीन नावाच्या आतल्या जाळीचे आठ वजा केले तरी प्लेटवर २६ वॅट होतात, आणि ईएल३४ ची मर्यादा २५ आहे.

म्हणजे तो व्हॉल्व्ह मी भाजला. कारखान्याला बोल लावला तो मागे घेतो.

तरी मुलार्डबद्दलचं मत मागे घेत नाही. नवी जोडी मागवली आहे. ती चाळीसच्या आसपास लावून तीच एलपी, तेच स्पीकर, पंधरा दिवस ऐकतो. व्हॉल्व्ह बदलायचं काम भावाकडे आणि समोर पडदा, म्हणजे कोणती जोडी लागली आहे ते मला कळणार नाही.

आठ_ओहम
दोन्ही जोड्यांचा आवाज स्पीकरच्या टोकांवर मीटरने सारखा करून घ्या. मीटर नसेल तर माझा घेऊन जा.