कॉम्प्लेक्सने पायवाटेला कुलूप लावलंय, काय करावं?

तिलकनगरची सून: इंदूरचं कोणी आहे का इथे? आमची रो-हाऊसची जुनी लाईन, शेजारी फ्लॅटचं कॉम्प्लेक्स आणि मधून पाच-साडेपाच फुटांची पायवाट मेन रोडला निघते, मी 1998 ला लग्न होऊन आले तेव्हापासून सगळे तिथूनच ये-जा करतात. गेल्या महिन्यात त्यांच्या कमिटीने फाटक बसवून कुलूप घातलं, म्हणे तुमच्याकडची पोरं ॲक्टिवा आत घालतात. बरं, फिरून जावं तर फुटपाथवर त्यांच्याच पाहुण्यांच्या गाड्या. परवा सासूबाईंचा वॉकर बंपर आणि नालीच्या झाकणाच्या मधे असा अडकला की मला उचलून काढावा लागला. 76 वर्षांच्या आहेत, तेव्हापासून देवळात जायचं नावच काढत नाहीत.

जुना वकील: ताई, आधी महानगरपालिकेतून (निगम) मंजूर नक्शाची नकल काढा, माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर फी 10 रुपये. नक्शात वाट रस्ता म्हणून असेल तर कुलूप लावायचा त्यांना हक्कच नाही. जमीन त्यांची निघाली तरी 1882 च्या सुखाधिकार (easement, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून ये-जा करण्यासारखा हक्क) कायद्याचं कलम 15 बघा, 20 वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता वापर असेल तर वाटेचा हक्क मागता येतो. मात्र अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावा, आणि त्यांच्या परवानगीने चालत होतो असं चुकूनही लिहून देऊ नका.

सुदामानगरकर: मी अशाच कॉम्प्लेक्समधे राहतो, रात्री अकराला खिडकीखालून गाड्या जातात, माझा नातू दोनदा थोडक्यात वाचलाय. त्यांचा राग खरा आहे पण कुलूप चूकच. मधोमध खांब रोवायला सांगा.

साईटवाला: खांबाने नाही जमणार दादा, वॉकर जाईल एवढ्या फटीतून ॲक्टिवापण जाते. दोन्ही भिंतींकडून तीन-तीन फुटांचे आडवे रेलिंग लावा, समोरासमोर नाही, मधे चार फूट सोडून. माणूस वळून जातो, ॲक्टिवा सहा फूट लांब, तिला वळताच येत नाही. आणि फुटपाथवरच्या गाड्यांची तक्रार निगमच्या 311 ॲपवर टाका, नाहीतर सीएम हेल्पलाइनला, 181 ला फोन लावा, फोटोत गाडीचा नंबर आणि फुटपाथ दोन्ही दिसू द्या. सुप्रीम कोर्टाने मे 2025 मधेच सांगितलंय की चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 मधला, म्हणजे जगण्याच्या हक्कातला, हक्क आहे.

तिलकनगरची सून: सगळ्यांचे खूप आभार. रविवारी कमिटीकडे रेलिंगचं बोलायला जातेय, आमच्या पोरांनाही गाडी बाहेर लावायला सांगितलंय. आणि वकीलकाका, लग्नाच्या अल्बममधे आमची वरात त्याच वाटेने येतानाचा फोटो सापडलाय, मागे तारीखही आहे, पुरावा म्हणून चालेल ना?

जुना वकील: चालेल की, जपून ठेवा. पण नुसत्या फोटोवर थांबू नका, लाईनीतल्या दोन-तीन जुन्या लोकांची शपथपत्रंही करून घ्या.