भिंत आली की तुमचं काय होतं? टर्न शिकण्याचे अनुभव

पाणकोंबडी (धागाकर्ती)

गेली सहा वर्षं मी लोकांना ऐटीत सांगत होते की मी हजार मीटर न थांबता पोहते. मे महिन्यात भाची राहायला आली, काठावर बसून मोजत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, पंचवीस मीटरचा तलाव, म्हणजे तू ३९ वेळा काठ धरून उभी राहिलीस." झालं. वयाच्या ४८व्या वर्षी टंबल टर्न (काठ न धरता, पाण्यातच कोलांटी मारून पायांनी भिंतीला धक्का देत परत फिरणं) शिकायचं खूळ डोक्यात शिरलं ते असं.

कोलांटी अवघड असेल असं वाटलं होतं. कोलांटी चार दिवसांत आली. सरांनी भिंतीच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नाही. तलावाच्या मधोमध, हनुवटी छातीला लावून, हात मांडीशी ठेवून नुसतं उलटं व्हायचं. अडलं ते नाकाशी. डोकं खाली गेलं की नाकातून थेट कपाळापर्यंत पाणी, आणि मग दिवसभर शिंका. "नाकातून हवा सोडा" हे मी शंभरदा ऐकलं होतं, पण उलटं झाल्यावर शरीर ऐकत नाही. शेवटी सर म्हणाले, "ओंकार म्हणता ना? त्यातला नुसता मकार म्हणा." म्म्म्म करत उलटी झाले आणि एक थेंब आत गेला नाही! अजूनही प्रत्येक टर्नला माझा मकार चालू असतो. पाण्यात कोणाला ऐकू जात नाही हे बरं.

परवा सलग २० लेंग्थ (या काठापासून त्या काठापर्यंत एक) झाल्या, १९ टर्न. त्यातले अकरा बरे म्हणावेत असे. उरलेल्या आठांत काय झालं ते सांगेन, पण आधी तुम्ही लिहा. कुठे शिकलात, कितव्या वर्षी, काय फसलं?

विहिरीतला बेडूक

आम्ही कोल्हापूरकडचे. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, ते शिक्षण. मुटके मारायचे, सूर मारायचा, तळाची माती वर आणून दाखवायची. लेंग्थ हा प्रकारच माहीत नव्हता, कारण गोल विहिरीत कुठून कुठे लेंग्थ मोजणार?

नोकरीसाठी पुण्यात आलो आणि पन्नास मीटरचा तलाव बघून छाती दडपली. टर्न शिकायला लागलो तेव्हा माझी चूक एकच: भिंत दिसावी म्हणून मान वर करायचो. मान वर की कंबर खाली, आणि मग कोलांटी लागतच नाही, माणूस नुसता गुडघे पोटाशी घेऊन बसतो. भिंत बघायची नसते हे कळायला दोन महिने गेले. तळाला जी काळी पट्टी असते ती भिंतीच्या दोन मीटर आधी संपते आणि तिथे आडवी रेघ असते. डोळे त्या आडव्या रेघेवर. रेघ डोक्याखाली आली की एक हात मारायचा आणि उलटा. किती हातांनी उलटायचं ते ज्याच्या त्याच्या उंचीवर.

बाकी आमच्या वीरधवल खाडेनं २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. पन्नासाच्या तलावात ती शर्यत म्हणजे एकदाच पलीकडे जाणं, टर्न नाहीच! तेव्हापासून माझा टर्न फसला की मी हेच कारण पुढे करतो.

सकाळची ६.४५

टर्न शिकायला भिंत मोकळी मिळाली तर शिकेन ना! आमच्या बॅचला पाच-सहा जणी भिंतीला पाठ टेकून उभ्या. सुनेचं, भाजीचं, गुडघ्यांचं सगळं तिथेच. मी एकदा धीर करून कोलांटी मारली आणि माझ्या टाचा एका काकूंच्या पोटापासून वीतभर अंतरावरून गेल्या. "अगं बाई, काय हे!" जीवरक्षकाची शिट्टी वाजली ती मला. आता शेवटची दहा मिनिटं, बायका कपडे बदलायला गेल्या की, सराव करते.

पंचाचा हात वर

मी शाळेपासून स्पर्धेत पोहलेला, त्यामुळे माझे अनुभव म्हणजे बाद होण्याचे. जिल्हा पातळीवर ब्रेस्टस्ट्रोकला एका हाताने भिंत टेकली. नियम दोन्ही हातांचा, एकाच वेळी. दुसरा आलो होतो, निकालात नाव नाही. बाबा परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

बॅकस्ट्रोकचा, म्हणजे पाठीवर पोहतानाचा, टर्न त्याहून चिवट. भिंतीच्या पाच मीटर आधी वर पताका असतात, त्या दिसल्या की हात मोजायचे. माझे चार. मग पालथं व्हायचं, एकच ओढ, आणि त्याच ओघात कोलांटी. पालथं होऊन लाथा मारत सरकत गेलात की बाद. आमचे सर जुन्या वळणाचे. १९९१पर्यंत बॅकस्ट्रोकला वळताना हाताने भिंत शिवावीच लागे, आणि त्यांचा हात त्याच सवयीचा. शिकवताना नियम नवा सांगायचे, करून दाखवताना मात्र हात भिंतीकडे जायचाच.

न्यूजर्सीची वहिनी

इथला आमचा तलाव यार्डांचा, २५ यार्ड म्हणजे जेमतेम २२.८६ मीटर. हात लांब करून लय सापडते न सापडते तोच भिंत. इथे 'माइल' म्हणून १६५० यार्ड पोहतात, त्यात ६५ टर्न. न शिकून सांगता कोणाला! मी पन्नाशीत शिकले, शेजारच्या लेनमधल्या ऐंशीच्या आसपासच्या आजींचं बघून. त्यांनी एवढंच सांगितलं: भिंतीआधीच्या शेवटच्या हाताला श्वास घेऊ नकोस, त्याच्या आधीच्या हाताला घे. आणि भिंत सोडल्यावर लगेच तोंड वर काढू नकोस. ते दुसरं मला अजून जमत नाही.

खारं पाणी

मी उलट मत मांडतो. मालवणला चिवल्याच्या समुद्रात शर्यती पोहलो आहे. तिथे भिंत नाही, पट्टी नाही. बोया (खुणेचा तरंगता गोळा) आला की वळसा घालायचा, शेजाऱ्याचं कोपर खायचं आणि पुढे. तलावात टंबल टर्न मारून मारून लोक दर पंचवीस मीटरला भिंतीकडून फुकटचा धक्का घेतात आणि म्हणतात दम वाढला. समुद्रात उतरा, मग कळेल. मी तलावात साधा टर्न घेतो: एक हात काठाला, गुडघे पोटाशी, दुसरा हात आधीच परतीच्या दिशेला, श्वास, पाय भिंतीवर आणि धक्का. पन्नाशीनंतर एवढं पुरे.

काठी

माझा टर्न नाही, पण लिहिते. माझा भाऊ पूर्ण अंध आहे आणि स्पर्धेत पोहतो. त्याच्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात. भिंत आली हे त्याला काठावरचा माणूस सांगतो, लांब काठीच्या टोकाला मऊ गोळा लावून डोक्यावर किंवा पाठीवर टपली मारून. ती काठी माझ्या हातात.

पहिल्या महिन्यात मी घाबरून लवकर टपली द्यायचे. तो भिंतीच्या अलीकडेच उलटायचा, पाय पाण्यात झाडायचा आणि मग हाताने भिंत शोधत यायचा. एकदा त्या भीतीने उशीर केला तर त्याची टाच काठावर आपटली, नख निघालं. रागावला नाही. "ताई, तू माझ्याकडे बघून मारतेस. माझ्या हाताकडे बघ," म्हणाला. उजवा हात पाण्यात शिरताना टपली, म्हणजे डावा हात पुरा करून तो उलटतो. आता वेग वाढला की मलाही काठावर पावलं मोजून उभं राहावं लागतं. शर्यतीच्या दिवशी माझीच पोटरी आखडते.

गरगर

वय ६३. चार टर्न झाले की तलाव फिरायचा. कानाच्या डॉक्टरांनी कोलांट्या बंद सांगितल्या. खारं पाणी यांनी लिहिलेला साधा टर्न करतो, फक्त काठ घट्ट न पकडता बोटं नुसती टेकवतो. चाळीस लेंग्थला दोन मिनिटं कमी लागतात.

पाणकोंबडी

बायका गेल्यावरची दहा मिनिटं, हे सही! काठी, तुमचं वाचून गप्प बसले थोडा वेळ.

कबूल केलेले आठ टर्न: तीनदा तिरकी उलटले आणि शेजारच्या लेनच्या दोरीला मिठी मारली. दोनदा मकार विसरले. दोनदा इतकी जवळ गेले की गुडघे नाकाला. आणि एकदा आडवी रेघ समजून कुणाचं तरी तळाला पडलेलं केसांचं काळं रबर बघून उलटले. पाय जोरात झाडले, मागे भिंत नव्हतीच, आणि मी पाठीवर, छताकडे बघत, जागच्या जागी. ते रबर अजून तिथेच आहे. उद्या सरांना काढायला सांगते.