कमांडो दलात थेट भरती होते का?

प्रश्न : सायनकर
मागील आठवड्यात मुंब्र्याहून येताना लोकलमध्ये सैन्यभरतीचे ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, देऊन परतणारी रायगड-पालघरची मुले भेटली. प्रत्येकाच्या मांडीवर दाखल्यांची फाइल होती, आणि समोरच्या बाकावर योगायोगाने भरतीच्या कामावरचे दोन हवालदार बसले होते, ज्यांपैकी एकाच्या छातीवर पॅरा स्पेशल फोर्सेस या भूदलाच्या कमांडो दलाचा ‘बलिदान’ बिल्ला होता. तो बिल्ला कसा मिळतो, याखेरीज मुलांनी त्यांना काहीच विचारले नाही. हवालदारांनी मात्र अग्निवीराची (सैन्यदलांत चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानाची) चार वर्षे संपल्यावर काय करणार, असे उलट विचारले, तेव्हा सगळे गप्प झाले.
माझ्या बारावीतील भाच्याला मार्कोस, म्हणजे नौदलाचा कमांडो, व्हायचे आहे. आमच्या भागातील एक खासगी अकादमी ‘थेट कमांडो प्रवेशा’साठी मोठे शुल्क मागत आहे. असा प्रवेश खरोखर असतो का?

उत्तर : निवृत्त नौसैनिक
नसतो. नौदलाने 1987 साली उभारलेल्या या दलात नौदलातील माणसेच स्वेच्छेने अर्ज करून जातात, आणि निवडीच्या कठोर टप्प्यांत बहुसंख्य उमेदवार गळतात. दलाचा ‘आयएनएस अभिमन्यू’ हा तळ मुंबईतच असला, तरी भाच्याला आधी ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’ येथे साध्या नौसैनिकाचे प्रशिक्षण घ्यावे लागेल. हवालदारांचा प्रश्न मला रास्त वाटतो, कारण चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांनाच कायम केले जाते.

उत्तर : पहाटेचा धावपटू
भूदलात 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांनाच ग्राउंडसाठी बोलावतात. त्यामुळे केवळ धावण्यावर भिस्त ठेवणारी मुले मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावल्यास पूर्ण 60 गुण मिळतात. सराव शक्यतो मातीवर करावा. आपल्याकडच्या डांबरी रस्त्यांवर रोज धावून नडगी दुखावलेली मुले मी बरीच पाहतो.

उत्तर : गोरेगावकर
26/11 नंतर उभे राहिलेले राज्याचे ‘फोर्स वन’ हे कमांडो पथकदेखील पोलीस दलातील जवानांमधूनच निवडले जाते, आणि एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलात सैन्यातून व पोलीस दलांतून जवान प्रतिनियुक्तीवर, म्हणजे ठरावीक काळापुरते, जातात. अकादमीकडे थेट प्रवेशाची अधिकृत जाहिरात मागा. पैसे भरले असतील, तर पावती आणि त्यांचे माहितीपत्रक जपून ठेवून पोलिसांकडे लेखी तक्रार करा.