मदत हवी आहे: शिंगाड्याच्या तलावात शिडाच्या होडीला लीबोर्ड की डॅगरबोर्ड?

नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावासाठी घरीच छोटी शिडाची होडी बांधतोय. डॅगरबोर्ड म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी; तिच्यासाठी तळाला भोक एकदा पाडलं की पाडलं, म्हणून त्याआधी विचारून घेतो.

होडी 8 बाय 4 फूट, सपाट तळाची, 6 मिमी मरीन प्लायची (आयएस 710 शिक्का पाहूनच घेतला). तुकडे तांब्याच्या तारेने टाचले आणि सांध्यांवर इपॉक्सी नि काचकापडाची पट्टी बसवली. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळाली. 1960 च्या दशकात इंग्लंडच्या मिरर डिंगीने (घरी बांधता येणारी छोटी शिडाची होडी) ही रीत लोकप्रिय केली. मुरलेला सुतार नसला तरी जमते. इपॉक्सी थंडीतच उरकलं, कारण आपल्या उन्हाळ्यात कालवलेलं मिश्रण डब्यातच तापून घट्ट होतं. पुढे-मागे हवाबंद पेट्या आहेत. एवढ्या लांबीरुंदीचा तळ पूर्ण सपाट धरला तर दर सेंटिमीटर बुडीला साधारण 30 किलो वजन पेलतं, म्हणजे दोन माणसांची काळजी नाही. शीड लग पद्धतीचं (तिरप्या दांड्याला टांगलेलं चौकोनी), 50 चौरस फूट, ताडपत्रीचं. डोलकाठी आणि परबाण (शीड टांगायचा तो दांडा) मानवेल बांबूचे.

आता खरी अडचण. पाण्यात उभी फळी नसेल तर सपाट तळाची होडी वाऱ्याने आडवी घसरत जाते, वाऱ्याविरुद्ध चढतच नाही. मिरर काय, मुलांची छोटी ऑप्टिमिस्ट होडी काय, दोन्हींना तळातून सरळ खाली जाणारा डॅगरबोर्ड आहे. पण आमच्या तलावात शिंगाडा, कमळाचे देठ, हायड्रिला हे पाणगवत, काठाला बेशरमाची झुडपं. आणि मुख्य म्हणजे ढिवर बांधवांची जाळी. सरळ उभी फळी जाळ्यात अडकली तर जाळं फाटणार. माझा छंद कोणाच्या पोटावर यायला नको, याबाबतीत मला तडजोड करायची नाही. म्हणून बाजूला लटकणारा, मागे झुकणारा लीबोर्ड मनात आहे. एकाच बाजूला लावला तर दोन्ही बाजूंच्या वाऱ्यात चालेल का? आकार किती? कुठे लावू?

प्रतिसाद (भंडारा)
भाऊ, आधी तलाव ज्यांच्या ठेक्यात आहे त्या मच्छीमार संस्थेत जाऊन बसा. आमच्याकडे जाळी संध्याकाळी टाकतात, सकाळी काढतात. तुमच्याकडची वेळ त्यांनाच विचारा आणि जाळी निघाल्यावरच होडी सोडा. पाण्याखालची खुंटं कुठं आहेत ते डोंगेवाल्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. आणि लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घालाच. शिंगाड्याच्या वेलात पाय गुंतला की पोहणं कामी येत नाही.

प्रतिसाद (रत्नागिरी)
दादा, लीबोर्डच लावा. हॉलंडच्या उथळ पाण्यातल्या सपाट तळाच्या नौका शतकानुशतकं त्यावरच चालल्या, फक्त त्यांना दोन्ही बाजूंना एकेक असतो. तुमच्या होडीला एक पुरेल, पण एक गोष्ट सांभाळा. लीबोर्ड वाऱ्याआडच्या बाजूला असताना पाणी त्याला होडीवर दाबतं. टॅक बदलला, म्हणजे वारा दुसऱ्या बाजूने घेतला, की तेच पाणी त्याला बाहेर ओढतं. म्हणून वर फळी ज्यावर फिरेल तो खिळीचा बोल्ट आणि खाली, पाण्याच्या जरा वर, बाहेरून अडवणारी मजबूत पट्टी हवीच. सगळा जोर त्या पट्टीवर येतो, तिथे आतून लाकडाची जाड पाठ द्या.

पाण्याखालचं क्षेत्रफळ शिडाच्या सुमारे 4 टक्के, म्हणजे तुम्हाला 2 चौरस फूट. जागा आधी तात्पुरती ठरवा: शीड जमिनीवरच चढवून त्याचा मध्य काढा आणि फळी साधारण त्याच्या खाली येऊ द्या. मग पाण्यात मंद वाऱ्यात सुकाणू क्षणभर सोडून बघा. नाळ (होडीचं पुढचं टोक) हळूच वाऱ्याकडे वळली तर ठीक. वाऱ्यापासून पळाली तर फळी थोडी पुढे घ्या. सुकाणूचं पातंही असंच वर उचललं जाणारं करा, नाहीतर फळी जाळ्यातून सुटेल, पण तेच जाळं सुकाणूत अडकेल.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. सुकाणूचा विचार मी केलाच नव्हता, आजच पातं वेगळं कापतो. संस्थेच्या अध्यक्षांना उद्या भेटतो. बोल्ट पितळी घेऊ की स्टेनलेस?

प्रतिसाद (रत्नागिरी)
गोडं पाणी आहे, स्टेनलेस बिनधास्त घ्या. दोन्हीकडे मोठे वॉशर लावा आणि भोक इपॉक्सीने भरून मग पुन्हा पाडा, म्हणजे प्लायच्या कडेत पाणी शिरणार नाही.