ओसाड मनोरेनगर सहाशे वर्षांनी सापडते तेव्हा: कादंबरीसाठी काही प्रश्न

पठारवासी, पुणे

नमस्कार. मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील जग पूर्णपणे काल्पनिक आहे. त्या जगात एका उंच पठारावर काळ्या दगडाच्या चाळीसेक मनोऱ्यांचे नगर आहे. मनोरे पुलांनी एकमेकांना जोडलेले होते, जमिनीवरचे रस्ते जवळजवळ नव्हतेच, आणि सहाशे वर्षांपूर्वी तेथील पाचेक हजार माणसे ते नगर सोडून गेली. शेजारच्या राज्याचे नकाशे काढणारे पथक धुक्यातून वाट काढत तेथे पोहोचते, तेथून कथा सुरू होते.

या जगात जादू आहे. पण नगर ओस पडण्यामागे जादू नसावी असा माझा आग्रह आहे, कारण मग वाचकाला त्या माणसांविषयी काहीच वाटणार नाही. म्हणून विचारतो की, इतक्या काळानंतर अशा नगराचे प्रत्यक्षात काय उरेल, कोणतेही युद्ध किंवा साथ नसताना माणसे असे नगर का सोडतील, आणि एवढे मोठे बांधकाम सहाशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते हे वाचकाला पटेल का? बांधकाम, पाणी किंवा पुरातत्त्व यांतील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चुनेगच्ची

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करीत असल्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. उंचीची चिंता करू नये. इटलीत बोलोन्या येथील असिनेल्ली हा बाराव्या शतकातील मनोरा सुमारे ९७ मीटर उंच असून आजही उभा आहे, आणि येमेनमधील शिबाम या गावात तर कच्च्या विटांची सहा-सात मजली घरे दाटीने उभी आहेत व त्यांत माणसे राहतात. मात्र शिबामची घरे टिकली ती त्यांचा गिलावा पुन्हा पुन्हा केला जातो म्हणून. माणूस गेला की पाऊस आत शिरतो, आणि तेथून पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो.

सर्वांत आधी लाकूड जाते. आपल्या शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीत मजले गेले आणि उरले ते तट, दरवाजे व जोती. आग न लागताही वाळवी आणि ओल हेच काम सावकाश करतात. आपल्या मनोऱ्यांचे मजले कडीपाटाचे असतील तर सहाशे वर्षांनी त्यांतील एकही उरणार नाही आणि मनोरा आतून पोकळ होईल. पण भिंतीत तुळयांची भोके ओळीने दिसत राहतील. त्या ओळी मोजून मजले किती होते हे पथकाला सांगता येईल. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते असे की कोनाडे जागच्या जागी राहतील. तीस हात उंचीवर, जेथे आता कोणाचाही हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, दिव्याच्या काजळीने काळा झालेला एक कोनाडा खालून दिसेल. पावसाचा मारा ज्या भिंतीवर नाही, तेथे काजळी टिकू शकते.

पूल लाकडी असतील तर त्यांचे फक्त दगडी तोडे उरतील, हवेत पुढे आलेले आणि समोरासमोर. वरच्या थरांचे चिरे चुना धुपल्यामुळे आणि पिंपळासारख्या झाडांची मुळे सांध्यांत फुगल्यामुळे सुटून खाली पडतील, आणि तळाशी इतका ढिगारा साचेल की मूळ दरवाजा त्याखाली गाडला जाईल. म्हणून आपल्या पथकाने भव्य दारातून आत जाऊ नये. त्याने ढिगाऱ्यावर चढून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत उतरावे; आत पाऊल टाकताच समोर जमीन नसेल, ढिगाऱ्याचा उतार असेल.

उच्छ्वास

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी पाण्यात शोधेन. साधा हिशेब करून पाहा. पाच हजार माणसांना दरडोई वीस लिटर पाणी धरले, तरी दिवसाला एक लाख लिटर, म्हणजे शंभर टन वजन वर चढवावे लागेल. पंधरा लिटरच्या घागरीने त्याच्या साडेसहा हजारांहून अधिक खेपा होतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आले, कारण कात्रज उंचावर आहे आणि शहर उतारावर. आपले नगर पठाराच्या माथ्यावर असल्यामुळे त्याला ही सोय नाही. त्याच्याहून उंच डोंगरावरून बंद नळाने पाणी आणावे लागेल, किंवा आपल्या गडांवर असते तसे कातळात टाके खोदून पावसाचे पाणी धरावे लागेल.

यातून समाजरचनाही ठरते. प्राचीन रोमच्या बहुमजली चाळींत वरचे मजले गरिबांचे होते, कारण तेथे पाणी वाहून न्यावे लागे आणि जिने चढावे लागत. आपल्या नगरात श्रीमंतांना शिखरावर बसवायचे असेल, तर त्यांचे पाणी कोण वाहत होते हे कादंबरीत यायलाच हवे. माझ्या मते नगराचा अंत तेथेच आहे. पाऊसमान दोन-तीन पिढ्या घटत गेले, टाकी चैत्रातच तळ गाठू लागली, आणि सर्वांत आधी पाणी वाहणारी माणसे खाली उतरून गेली. वरच्यांना नगर सोडण्याचा निर्णय घ्यावाच लागला नाही, कारण तो खालच्यांनी आधीच घेतला होता. कंबोडियातील अंकोरच्या ऱ्हासामागेही दीर्घ दुष्काळ, मग मुसळधार पाऊस, आणि त्या दोहोंच्या माऱ्यात मोडलेली कालव्यांची व्यवस्था हे एक मोठे कारण मानले जाते.

पांढरीची माती

वरील प्रतिसादाला पुण्याजवळचाच आधार देतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून मोठे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत आधी प्रशस्त चौकोनी घरे होती, इ. स. पूर्व १००० नंतरच्या थरांत त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती संपते. उत्खनकांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. आपल्या मनोऱ्यांतही शेवटची शंभर वर्षे अशीच दिसू द्यावीत: दालनांत कच्च्या विटांच्या आडभिंती, दरबाराच्या फरशीवर चुली, बुजवलेल्या खिडक्या. ओस पडण्याआधी गाव आकसते.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र माझे ठाम मत आहे. नगर कोणालाच ठाऊक नव्हते, असे कृपया लिहू नये. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याला पोहोचला आणि दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरून गेला. परिसरातल्या लोकांना ती जागा ठाऊकच होती, तरीही शोधाचा मान त्याला मिळाला. पठाराच्या पायथ्याला गावे असणारच. तेथल्या गोठ्यांच्या भिंतींत मनोऱ्यांचे घडीव चिरे बसवलेले असतील, एखाद्या देवळाची पायरी म्हणजे पुलाचा तोडा असेल, आणि जशी नाशिकची लेणी आपल्याकडे पांडवांच्या नावावर गेली, तसे हे मनोरे एका रात्रीत कोणी बांधले याची कथा तेथल्या पोरांनाही पाठ असेल. पथकाला वाट दाखवणारा माणूस याच गावचा असावा, आणि नकाशावर त्याचे नाव येऊ नये.

एक वेगळी सूचनाही करतो. मोहेंजोदडोत पिढ्यान्पिढ्या जमीन चढत गेली, तशी विहिरींची बांधणीही वर वर नेली गेली. उत्खननात आजूबाजूची माती निघाल्यावर त्या विटांच्या विहिरी मनोऱ्यांसारख्या उभ्या दिसू लागल्या. आपल्या चाळीसांपैकी काही मनोरे मुळात विहिरी असतील का, याचा विचार करावा.

पठारवासी, पुणे

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. पाणी वाहणाऱ्यांचे घराणे आणि पायथ्याचा वाटाड्या यांना मी एकाच वंशाचे करणार आहे. त्यामुळे त्याला टाक्यांच्या जागा परंपरेने माहीत असतील. एकच शंका उरते. सहाशे वर्षांनी त्या टाक्यांत पिण्याजोगे पाणी असेल का?

उच्छ्वास

मनोऱ्यातील, चुन्याचा गिलावा दिलेल्या हौदांत नसेल. ते तडकून गाळाने भरलेले असतील आणि त्यांत झाडे उगवलेली असतील. कातळात आडवे खोदलेले, वरून झाकलेले टाके मात्र पाणी धरून राहू शकते, कारण ऊन कमी पोहोचले की शेवाळे आणि बाष्पीभवन दोन्ही कमी राहतात. पण अशा टाक्याचा गाळ अधूनमधून काढावा लागतो. तेव्हा पथकाला तेथे स्वच्छ पाणी मिळाले, तर गावातले कोणीतरी वर येऊन ते टाके साफ करीत आले आहे, असाच त्याचा अर्थ होईल.