प्लेस्टेशन ६ ला ५५ टेराफ्लॉप्स येतील का? हिशोब बरोबर आहे का सांगा

बटणबहाद्दर:
मंडळी, प्लेस्टेशन ४ ला १.८४ टेराफ्लॉप्स (एक म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं) होते आणि ५ ला १०.२८, म्हणजे साडेपाच पट. मग त्याच हिशोबाने ६ ला ५५ च्या पुढे यायला पाहिजे ना? आमच्या ग्रुपवर एकजण ४० म्हणतोय, दुसरा १०० वर अडून बसलाय, कालपासून नुसती भांडणं चाललीयेत. मी ५ साठी दोन वर्षं पैसे साठवले होते म्हणून यावेळी आधीच अंदाज घेऊन ठेवायचाय.

चिपचिंतक:
भावा आधी हा आकडा निघतो कसा ते बघ. ५ मध्ये ३६ कम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपचे गट), प्रत्येकात ६४ शेडर (गणितं करणारे छोटे भाग), प्रत्येक शेडर एका क्लॉकला, म्हणजे चिपच्या एका ठोक्याला, २ गणितं करतो आणि क्लॉक २.२३ गिगाहर्ट्झ, गुणाकार कर, १०.२८ च येतो. म्हणजे सगळे शेडर कायम पूर्ण कामात असले तरची ही गोष्ट, गेममध्ये तसं कधी होत नाही. त्यात प्लेस्टेशनची चिप बनवणाऱ्या एएमडीच्या आरडीएनए ३ या ग्राफिक्स डिझाइनपासून एका क्लॉकला डबल गणितं धरता येतात, त्यामुळे तीच चिप कागदावर दुप्पट दिसते. तुमचा ४० वाला आणि १०० वाला एकाच मापाने मोजतायत का तेच आधी विचार.

रात्रपाळी:
+१. ५ प्रो, म्हणजे ५ चीच जास्त ताकदीची आवृत्ती, तिचंच घे ना. टेराफ्लॉप्स १०.२८ वरून १६.७, म्हणजे ६२ टक्के जास्त, पण रेंडरिंग (चित्र तयार करणं) ४५ टक्क्यांपर्यंत फास्ट होईल असं सोनीनेच सांगितलं. बाकीचं गेलं कुठे? मला विचारशील तर मेमरीत अडकलं, कारण बँडविड्थ (मेमरीतून सेकंदाला किती डेटा जातो ते) ४४८ वरून ५७६ जीबी पर सेकंद एवढीच वाढली, २८ टक्के. म्हणून ६ ची लीक (फुटलेली माहिती) आली की मी पहिलं बँडविड्थ शोधतो.

चिपचिंतक:
आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचा मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक हुइन यांनी ॲमेथिस्ट या सोनी-एएमडीच्या एकत्र प्रोजेक्टबद्दल सांगितलं तो व्हिडिओ बघच. त्यात टेराफ्लॉप्सवर भर नव्हताच, न्यूरल ॲरेज (एआयच्या कामासाठी एकत्र जोडलेले कम्प्युट युनिट), रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं) वेगळे रेडियन्स कोअर्स आणि मेमरीवरचा ताण कमी करायला युनिव्हर्सल कम्प्रेशन, यावरच सगळं बोलणं. हे काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचंय असं सर्नी स्वतः म्हणाला. त्यामुळे खरी उडी रे ट्रेसिंग आणि अपस्केलिंगमध्ये (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करणं) दिसेल असं मला ठामपणे वाटतं.

बटणबहाद्दर:
अरे वा, गुणाकार करून बघितला, खरंच जुळला! मग रॅम किती धरू?

रात्रपाळी:
३ ला सगळी मिळून ५१२ एमबी, ४ ला ८ जीबी, ५ ला १६. सोळा पट वाढली आणि मग नुसती दुप्पट. त्यात एआयच्या डेटा सेंटरमुळे मेमरीचे भाव चढलेत, म्हणून माझा अंदाज २४ ते ३२ च्या मधे. २४ आली तर मला खरंच वाईट वाटेल, कारण रे ट्रेसिंगलाही मेमरी लागतेच.